पोचलंका आणि समुद्रापलीकडचं अस्वल

आमच्या कार्टूनपटांच्या स्टुडिओत नेटवर्क सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘पोचलंका’ म्हणतात. निरोप पाठवला की मागोमाग त्यांचा फोन: "पोचलं का?" हातात चहाचा कप दिला तरी तोंडाकडे बघत उभे: "पोचला ना?" आपण हो म्हणेपर्यंत गडी दुसरा कप उचलत नाही. ते चहा वाटतात तेव्हा कोपऱ्यातली मंडळी गार चहाच पितात.

त्यांची बायको आमच्याकडेच दिग्दर्शिका. जाड्या अस्वलाचा तिचा पहिलावहिला सिनेमा समुद्रापलीकडच्या एका थिएटरात संध्याकाळी लागायचा होता. चारपर्यंत फाइल आली नाही तर त्या जागी बदकांचा सिनेमा लावू, असं तिथल्या ऑपरेटरनं अगदी गोड आवाजात सांगून ठेवलेलं.

आणि फाइल निघाली होती गोगलगायीला लाजवत.

पोचलंकांनी केबल बदलली. लाइन चौपट मोठी करून घेतली. वेग तसूभर वाढला नाही. आठपदरी रस्ता आणि वर एकटी सायकल!

"बदकं लागणार," बायको म्हणाली. "माझ्या अस्वलाच्या जागी बदकं!"

"अगं, पण आपल्या इमारतीत हीच फाइल वाऱ्यासारखी पळते!"

"मग बाहेर पडल्यावर काय धाड भरते तिला?"

स्क्रीनला नाक लावून ते पुटपुटले, "आपलं मशीन मूठभर पाठवतं आणि थांबतं. तिकडून ‘मिळालं’ असं उत्तर आलं की मग पुढची मूठ. इथल्या इथे उत्तर चटकन येतं, म्हणून कळत नाही. समुद्र ओलांडून यायचं तर वेळ लागतो, आणि तोवर हे हाताची घडी घालून बसतं."

बायको किंचाळलीच. "अरे, हा तर तूच! परवा भाजी कशी आणलीस? एक पिशवी वर, मी ‘मिळाली’ म्हटल्यावर खाली जाऊन दुसरी. चार मजले! बटाटे येईपर्यंत पालकानं मान टाकली होती!"

आमचा अकाउंटंट हसता हसता खुर्चीवरून घसरला. पोचलंका मात्र उजळले.

"म्हणजे सगळ्या पिशव्या एकदम!"

उत्तराची वाट न बघता ढीगभर पाठवता यावं म्हणून त्यांनी आपल्या मशीनची मूठ सैल केली, ऑपरेटरला फोन करून ते सगळं झेलायला तिकडच्या मशीनची ओंजळ मोठी करायला लावली, आणि फाइल पुन्हा सोडली. स्क्रीनवरचा उरलेला वेळ दोर तुटलेल्या लिफ्टसारखा खाली आला. आम्ही टेबलं बडवली. अकाउंटंट चक्क नाचला.

फाइल गेली. पोचलंकांचा हात सवयीनं फोनकडे वळला. बायकोनं तो धरला.

"नाही विचारायचं!"

बिचारे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. शेवटी फोन तिकडूनच वाजला. आधी नुसतं खो खो हसणं, मग ऑपरेटर: "अहो, पहिल्याच सीनला तुमचं अस्वल तळ्यात पडलं! बदकं रद्द!"

त्या आनंदात पोचलंकांनी सगळ्यांना चहा दिला. ट्रेभर कप एकदम, कुणाला काही न विचारता. निम्मे सांडले. पण जे पोचले, ते गरम होते.