हळद न धरणारं लाकूड

लाकडी व्हिनियरच्या तीन नमुन्यांवर मी चमचा चमचा आमटी ओतून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पुसायला घेतले तर त्यांच्या पाठीवर लिहिलेली लाकडांची नावंच धुऊन गेलेली. हळदीचा डाग न धरणारा एक तुकडा सापडला, पण तो साग की अक्रोड, ते मला कळेना. माझी सुतारकी एवढीच.

जेवणाचं टेबल मी घरीच करतोय. त्याला चार पाय आहेत, याहून जास्त कौतुक सध्या करता येणार नाही. वरचं लाकूड मात्र टिकाऊ हवं, कारण अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात थरथरतो. वाटी ओठांशी नेताना आमटी सांडते, म्हणून हल्ली ते ताट घेऊन आपल्या खोलीत जाऊन जेवतात. नव्या टेबलावर ते परत आमच्यात येऊन बसतील, अशी माझी आशा.

तो तुकडा त्यांना दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"छान आहे रे. मी कशाला खराब करू?"

व्हिनियर म्हणजे लाकडाचा कागदासारखा पापुद्रा. माणसाचा मानही याहून जाड नसावा. त्याला कुठलं पॉलिश लावतात, ते दुकानदाराला विचारायचं राहिलं.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, "डाग पडत नाही हे दाखवलं, तरी अण्णा नाहीच म्हणतात."

पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "त्यांना डागाचं काही नाही हो. त्यांचं सांडलं की तुम्ही घास टाकून फडकं आणायला उठता. लाकूड कुठलंही लावा, पण सांडलं तरी जेवत राहा."