मागच्या खोलीतला पारा

हे मी शालनलाही सांगितलेलं नाही. शालन माझी बायको – म्हणजे जिला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं, तीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि दुसरं कारण – गोदाकाकी आता नाही.

पण काकीवर लगेच येत नाही. येववत नाही. आधी पाऱ्याचं सांगतो.

आमचं गाव आटपाडीच्या पुढं, कोरड्या भागात. तिकडची पोरं सोनं-चांदी गाळायच्या कामाला लांबलांबच्या शहरांत जातात. मीही गेलो होतो, दक्षिणेत. सोनारांच्या दुकानातली झाडलोट यायची – राख, माती, कानशीचा भुगा. ती पाण्यात पाऱ्याबरोबर घोटायची. मातीत लपलेलं सोनं पारा धरतो. मग फडक्यातून पिळायचं आणि उरलेला गोळा मुशीत तापवायचा. पारा उडून जातो, सोनं मागं राहतं. उडून जातो – असं आपण म्हणतो. कुठं जातो, ते कोण विचारतं?

त्या दुकानात पाऱ्याचं काम एकच म्हातारा करायचा. त्याचे हात असे थरथरायचे की चहा आम्ही पाजायचो. हिरड्या सुजून काळ्यानिळ्या झालेल्या, दात गेलेले. पण मला भीती वाटायची ती दुसऱ्याच गोष्टीची. कुणी परकं माणूस आलं की तो उठून पोत्यांच्या मागं जाऊन बसायचा. एवढा मोठा माणूस – गुडघ्यांत मान घालून. मालक मला म्हणाले होते, "बघून ठेव, दत्ता. पारा एकदा अंगात शिरला की सहज निघत न्हाई. रोज थोडा थोडा साठत जातोय. कळतंय तवा उशीर झालेला असतोय. ह्ये काम करायचं तर उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून."

तर मला माहीत होतं. पुढचं सगळं ऐकताना एवढं ध्यानात ठेवा. मला माहीत होतं.

नव्वद सालानंतरची ती पहिली काही वर्षं. वडील गेले आणि मी गावी परतलो. लग्न झालं. घरात आम्ही दोघं, आणि त्याच अंगणात पलीकडच्या खोलीत गोदाकाकी. काकी म्हणजे माझ्या चुलत्यांची बायको. तरुणपणी विधवा झाली, मूलबाळ नाही. माझी आई मी लहान असताना गेली, तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. माझ्या ताटात तूप आणि तिच्या ताटात कोरडी भाकरी, हे मी लहानपणी बघितलेलं आहे.

मी घरीच काम सुरू केलं. सांगली, सातारा, कराड – सोनारांकडून झाडलोट आणायची आणि घरी पाऱ्यावर काढायची. उघड्यावर? उघड्यावर केलं असतं तर सगळ्या गावाला कळलं असतं, की ह्याच्या घरात सोनं येतंय. म्हणून मागच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून. त्या खोलीला लागून स्वयंपाकघर. मधली भिंत छपरापर्यंत गेलेली नव्हती. वर एकच पत्रा, दोन्ही खोल्यांवर. मूस निखाऱ्यावर ठेवायची आणि मी बाहेर येऊन लिंबाखाली बसायचो. शालन आत, चुलीपाशी. तिला मी एवढंच सांगितलं होतं, की आत सोनं गाळतोय, बाहेर कुठं बोलू नको. निम्मा आठवडा मी फिरतीवर, आणि ती त्याच घरात, त्याच पत्र्याखाली. रात्री झोपायचीही तिथंच.

पहिल्यांदा तिच्या मंगळसूत्राचे मणी पांढरे पडले.

हळूहळू नाही हो. निदान आमच्या लक्षात आलं ते एकदमच. एका सकाळी ती अंगणात वाकली आणि काकी म्हणाली, "अगं, ह्ये चांदीचं कवा केलंस?" सोन्याचे मणी कथिलासारखे दिसत होते. शालननं गळ्यावर हात ठेवला आणि ती आत पळाली. काकीनं ते मणी रिठ्याच्या पाण्यात घालून किती वेळ चोळले. रंग परत येईना. सवाष्णीच्या गळ्यातलं सोनं पांढरं पडतं – आमच्या गावात याचा अर्थ काय लावतात, तो तुम्हाला वेगळा सांगायला नको.

मी काय म्हणालो? "सोन्यात भेसळ असंल." नुसते विस्तवावर धरले असते तर मणी पुन्हा पिवळे झाले असते. मला ते येत होतं. पण मग ते का झालं, हेही सांगावं लागलं असतं.

मग मांजर. ते भिंतीवर, पत्र्याच्या उबेला झोपायचं. चालताना त्याचे मागचे पाय घसरायला लागले. एक दिवस अंगणात ते स्वतःभोवती गोल गोल फिरत राहिलं, आवाज न करता. शालन उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिच्या हातातल्या तांब्यातलं पाणी हलत होतं. तिनं दोन्ही हातांनी तांब्या धरला, तरी पाणी हलतच होतं.

तिला झोप येईना. तोंडाला सारखं पाणी सुटायचं. म्हणायची, "जिभेवर तांब्याचा पैसा ठेवल्यावानी लागतंय." दारातली रांगोळी वाकडी व्हायला लागली. पुढं तिनं रांगोळी सोडूनच दिली. आणि एका दुपारी शेजारची बाई ताक मागायला आली, तेव्हा मी घरात शालनला शोधत होतो. हाक मारली, ओ नाही. ती कणगीच्या मागं बसली होती. गुडघ्यांत मान घालून.

तुम्ही म्हणाल, त्या क्षणी तरी... हो. त्या क्षणी तर मला पक्कंच कळलं. दक्षिणेतला तो म्हातारा माझ्याच घरात, माझ्या बायकोच्या अंगात येऊन बसला होता.

मी तिला सांगलीला डॉक्टरांकडं नेलं. चांगला माणूस होता. त्यानं तिचे हात बघितले, हिरड्या बघितल्या, थोडा विचारात पडला. मग शालनला बाहेर बसवून मला विचारलं, "घरात काही रसायनं, औषधं? तुमचा धंदा काय?"

मी म्हणालो, "शेती. थोडी मेंढरं."

एवढं सोपं असतं ते. त्यानं ताकदीचं औषध लिहून दिलं. येताना एस. टी.त शालन खिडकीशी पदर ओढून बसली होती आणि मी शेजारी. पहिली चूक अजाणता झाली असं मी स्वतःला समजावू शकलो असतो. पण ते उत्तर मी तोंडानं, शुद्धीत दिलं होतं. का? काम बंद पडेल म्हणून? लोक हसतील म्हणून? मला वाटतं, त्याहून साधं होतं. तिची ही दशा मी केली, असं कुणी म्हणायला नको होतं. तिनं तर नाहीच.

तोवर गावानं आपलं निदान केलं होतं. शालनचा भाऊ देवऋषी घेऊन आला. त्यानं अंगणात बसून डोळे मिटले आणि सांगितलं, की ह्याच अंगणात एक भुकी नजर हाय. जिची कूस उजवली न्हाई, तिची. लोकांनी बाकीचं स्वतःच जुळवलं. मणी कुणी चोळले? काकीनं. मांजराला दूध कोण घालायचं? काकी. शालनला रोज ताक कोण आणून द्यायचं?

अंगणात माणसं जमली. काकी खांबाला टेकून उभी होती. ती कुणाशी भांडली नाही. ती फक्त माझ्याकडं बघत होती. शालनच्या भावानं मला विचारलं, "दाजी, तुमचं काय म्हणणं?"

मागच्या खोलीचं दार माझ्या पाठीशी होतं. नुसतं ढकललं असतं तरी पुरलं असतं.

मी म्हणालो, "काकीनं थोडं दिस लांब ऱ्हावं."

"तुला बी तसंच वाटतंय व्हय रं, दत्ता?" काकीनं विचारलं.

मी खाली बघितलं. दुसऱ्या दिवशी तिचा भाचा आला. तो शिरवळला एका कारखान्यात होता. एका पिशवीत मावेल एवढंच सामान घेऊन ती त्याच्याबरोबर गेली.

आता पुढचं ऐका, कारण खरं भयानक ते आहे. काकी गेली आणि मला घरात राहवेना. शालनला महिनाभर माहेरी पाठवलं. तेवढ्यात मी मागची खोली मोडली. भिंतीचा गिलावा खरवडला, जमीन खणली. खणताना मातीच्या भेगांतून पाऱ्याचे थेंब वर यायचे – बारीक, चकचकीत, डोळे उघडावेत तसे. फावडं लावलं की एकाचे दहा होऊन पळायचे. पत्रे बदलले. माती गाडीत भरून लांबच्या ओढ्यात टाकली. तिथून ती पुढं कुठं गेली असेल, याचाही मी विचार केला नाही.

धंदा सोडला. शालन परत आली आणि हळूहळू – फार हळूहळू – बरी होत गेली. आधी झोप लागायला लागली, मग हात स्थिरावले. वर्षा-दीड वर्षानं तिनं दारात रांगोळी काढली, सरळ रेघांची. शेजारपाजारच्या बायका ती बघायला आल्या. म्हणाल्या, "बघा. म्हातारी गेली आन् घर निवळलं."

म्हणजे मी पारा काढला, आणि शिक्का बसला काकीवर. शालनचाही त्यावर विश्वास बसला. आजही आहे.

मी शिरवळला गेलो, फार उशिरा. पुण्याकडं जाताना वाटेत उतरलो. केळी घेतली. भाच्याच्या दोन खोल्या, आत पाळण्यात त्याचं बाळ रडत होतं. काकी बाहेर पायरीवर, भिंतीकडं तोंड करून बसली होती. मी म्हणालो, "काकी, बाळ रडतंय. घेत न्हाईस?"

"नगं रं. माझी नजर बरी न्हाई."

मी केळी पायरीवर ठेवली. तीच पुढं म्हणाली, "मी गावातनं निघाले आन् शालन बरी झाली. मग खोटं कसं म्हणू? म्या तिचं कवाच वाईट चिंतलं न्हाई, दत्ता. देवाशपथ. पण आपल्या आत काय साठलेलं असतंय, आपल्याला तरी कुठं कळतंय?"

एकच वाक्य हवं होतं. काकी, तो पारा होता. दुसरं कुणी नव्हतं तिथं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, मला त्याची चवसुद्धा लागत होती. आणि मी काय म्हणालो, ते सांगतो.

मी म्हणालो, "जाऊ दे काकी. झालं गेलं. आमच्या मनात काय न्हाई."

मी तिला माफ केलं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांना लावला. म्हणाली, "लय मोठं मन हाय रं तुझं."

त्यानंतर ती फार जगली नाही. अग्नी मीच दिला. भाच्याची बायको सांगत होती, की शेवटी शेवटी काकी डोळ्यांवरून पदर ओढूनच जेवायची. कुणाच्या ताटाकडं नजर जायला नको म्हणून. मग ती जरा दबकत म्हणाली, "पण आमच्या बाळाला कधी काही झालं नाही हो. खरंच होतं का ते?"

तिथं बसलेली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली. घरचा, जाणता माणूस मीच होतो.

"आता गेलेल्या माणसाचं कशाला काढायचं," मी म्हणालो.

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या.