पदराखालचे कान

आमच्या निघोज्याच्या खोलीत रातकिडा शिरला, तेव्हा माझ्या नवऱ्याची रात्रपाळी चालू होती. रात्रभर कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर उभं राहायचं आणि दिवसा झोपायचं. पण तो किडा दिवसाच किर्र करायचा. हे नुसते कूस बदलत पडायचे. शेवटी मशीनपाशीच डुलकी लागली आणि ती सुपरवायझरने पाहिली. पुन्हा दिसलं तर गेटाबाहेर, असं सांगून सोडलं. मला गेटापेक्षा प्रेसखालच्या बोटांची भीती जास्त. सकाळी हे आले, दोन घास खाल्ले, तोंडावर टॉवेल टाकून आडवे झाले, आणि किर्र सुरू.

घरात मामाही होते. मामा म्हणजे माझे सासरे, लातूरकडून गुडघ्याच्या औषधपाण्यासाठी आलेले. दिवसभर खाटेवर पाय लांब करून बसत. त्यांच्यासमोर माझ्या डोक्यावरचा पदर कधी खाली आला नाही. घसरू नये म्हणून मी दोन्हीकडून पिना लावते, त्यात कान डोक्याला चपटे बसतात. मला ते बरंच वाटायचं. माझे कान सुपासारखे बाहेर आलेले आहेत. मला पाहायला आलेल्या बायकांची नजर चेहऱ्याआधी तिकडेच गेली होती.

मी किडा शोधायला लागले. आवाज उजवीकडून येतोय एवढं नक्की. समोर उजवीकडे मोरी होती. बादली, घमेलं, फरशीचं फडकं, सगळं हळूच बाहेर काढलं. किडा गप्प. मी सरळ उभी राहिले की पुन्हा किर्र. मग पिठाचा डबा सरकवला. त्यामागून हरवलेला चमचा निघाला, किडा नाही.

मामा मुलाची झोप मोडू नये म्हणून बोलत नव्हते, काठीने दाखवत होते. काठी माझ्या मागे आणि वर जात होती. मला वाटलं, म्हातारपणामुळे ऐकण्यात गडबड होत असेल. मी मान हलवून हो म्हटलं आणि पुन्हा मोरीत वाकले. मामांनी कपाळाला हात लावला.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "किडा तुझ्या मागं ओरडायलाय, अन् तू म्होरं वाकायलीस."

मला तर पुढूनच ऐकू येतंय, असं मी कुजबुजले. बरं, वरून का खालून, असं त्यांनी विचारलं. मी नीट ऐकलं. ते मला कळतच नव्हतं. उजवं-डावं तेवढं कळत होतं, बाकी आवाज डोक्यातच बसल्यासारखा.

"कान बांधून ठिवल्यावर कसं कळंल?" मामा म्हणाले.

तेवढ्यात टॉवेलखालून यांचा मोठा सुस्कारा आला. मी पिनांकडे हात नेला आणि तिथंच थांबले. मामांना माझी अडचण कळली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि कॅलेंडर वाचायला लागले. कॅलेंडर मागच्या वर्षीचं होतं.

पिना काढल्या, पदर खांद्यावर आला, कान उभे राहिले. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. पंखा वर गेला, मोरीतला थेंब खाली गेला, आणि किर्र गेलं उजवीकडेच, पण मागे, उंचावर. कपाटावरच्या गोधडीच्या वळकटीत! खात्री करायला मी दोन्ही कान बोटांनी डोक्याशी दाबले. किडा पुन्हा मोरीत जाऊन बसला. सोडले, तर परत कपाटावर. मला इतकी गंमत वाटली की मी तेच करत राहिले.

"सापडला का?" मामांनी कॅलेंडरला विचारलं.

"सापडला."

"मग खेळायलीस काय?"

मी स्टुलावर चढून वळकटी तशीच उचलली आणि बाहेर गॅलरीत झटकली. किडा शेजारणीच्या तुळशीत पडला. आत येऊन मी पदर डोक्यावर घ्यायला लागले.

"राहू दे," मामा भिंतीकडे बघतच म्हणाले. "दुसरा असला म्हंजे? लेकराला झोपू दे."

मग मी कान उघडे ठेवून दाराशी राखण करत बसले. थोड्या वेळाने टॉवेलखालून घोरणं सुरू झालं. मग खाटेवरून मामांचंही. त्यांचं फारच मोठं होतं, पण हे काही जागे झाले नाहीत.