हिराबाईचं शेवटचं खाचर

हिराबाई गेल्याचं तिच्या सुनेने फोनवर सांगितलं, तेव्हा मी तुम्हा नातवंडांचे जुने फोटो वर्षांप्रमाणे लावत बसले होते. त्यातल्या एकात तुम्ही दोघं धरणाच्या काठावर बसला आहात, मागे मोकळं पाणी. तो काठ इतका मोकळा का दिसतो, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं...

हिराबाई घाटघरकडची. दर आठवडी बाजाराला तांदूळ घेऊन जुन्नरला यायची आणि जेवायला माझ्याकडे. तिची बहुतेक जमीन धरणात गेली. उरलं ते धरणाच्या चढत्या पाण्याच्या, फुगवट्याच्या काठचं एवढंसं भातखाचर. खाचर आणि पाणी यांच्यामध्ये निरगुडी आणि लव्हाळ्याची दाट पट्टी होती. तुम्ही सुट्टीत येणार, तिथे खेळणार, म्हणून सापांच्या भीतीने मी ती काढून घ्यायला सांगितली. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. वाढलेलं, पसरलेलं मला बघवत नाही.

"बाई, तुमच्या बंगल्याला कंपाउंड लागतं, मग माझ्या वावराला नको व्हय?" ती हसत म्हणाली होती. झाडी काय, पुन्हा येईल, असं मी तिला समजावलं. तिने स्वतःच कोयता घेतला. शिकलेल्या बाईला आणि परदेशच्या पावण्यांना नाही कसं म्हणायचं...

त्या पावसाळ्यात धरण भरलं आणि वाऱ्याने उठलेल्या लाटा उघड्या काठावर आपटत राहिल्या. खालून माती सुटली, वरचा बांध बसला. निरगुडीला पुन्हा फुटायला काठच उरला नाही. दोन पावसाळ्यांत खाचर गेलं. मी म्हटलं, दगड टाकून घेऊ. "कशावर टाकता?" एवढंच तिने विचारलं. तिने मला कधीच दोष दिला नाही, आणि तेच सोसवत नाही.

शेवटची भेटली तेव्हा धरणातला गाळ उपसून ट्रॅक्टरने खालच्या गावांकडे नेत होते. "माझी माती वळखू येईल का वो त्यात?" मी म्हणाले, बघू. बघण्यासारखं काही नव्हतं.

दहाव्याला सुनेने मला काठावर नेलं. वावरातून निघताना हिराबाई पायांचा चिखल एका दगडावर घासून पुन्हा आत टाकायची, तेवढीसुद्धा माती बाहेर जाऊ नये म्हणून. "वावर गेलं तरी आत्याबाई रोज यायच्या," सून म्हणाली, "कोरडंच पाय घासायच्या. आमी हसायचो."

दगड टाचांनी गुळगुळीत झाला आहे. त्याच्यापुढे नुसतं पाणी.