सतरा लक्ष्म्या आणि एक डबा

“मावशी, कॉम्प्युटर तुमच्या लक्ष्मीला अजून तीन महिने दाखवतोय,” मी फोनवर सांगितलं.

“मंग त्येला म्हणावं, येऊन बघ!” कांताबाई कडाडल्या. “वासराचा एक पाय भाईर आलाय, दुसरा दिसंना. डॉक्टरला जल्दी धाडा!”

मी मंठ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात बसले होते. माझं काम सॉफ्टवेअरचं. तिथल्या डॉक्टरांना मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहून दिला होता. गाय गाभण राहण्यासाठी कधी भरवली ते टाकायचं, कधी विणार ते तो सांगणार. यादीप्रमाणे या आठवड्यात कुणीच विणार नव्हतं. म्हणून डॉक्टर नवा शर्ट घालून बदनापूरला मेहुणीच्या लग्नाला निघाले होते. मी धावत जाऊन त्यांची गाडी अडवली.

“प्रोग्राम बिलकुल बराबर हाय म्हणल्या होत्या ना मॅडम?” एवढं बोलून ते शर्टासकट कांताबाईंच्या गोठ्याकडे गेले.

गाय पहिलटकरीण, त्यांच्या दारात दुसरं जनावर नाही. बरंवाईट झालं तर पाप माझंच.

पायथनमध्ये डिक्शनरी नावाची सोय असते. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी. डब्यावरची चिठ्ठी म्हणजे ‘की’, आतला माल म्हणजे ‘व्हॅल्यू’. पण एका चिठ्ठीचा डबा एकच. ‘साखर’ म्हणून पुन्हा काही ओतलं, की आधीची साखर गुपचूप फेकली जाते. हू नाही की चू नाही. मी ‘की’ ठेवली होती गायीचं नाव आणि व्हॅल्यू तारीख.

रजिस्टर उघडलं. सतरा लक्ष्म्या! प्रोग्राममध्ये एकच, सगळ्यात शेवटी भरवलेली; ते तीन महिने तिचे होते. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवली, पण आपल्याकडे गायीचं नाव काय ठेवतात तेवढं विसरले.

दुपारी डॉक्टर परत आले. शर्टाची पार वाट लागली होती.

“दोघी ठीक हायेत. कालवड झाली. लग्न मात्र हुकलं,” ते म्हणाले. मी रडायचीच बाकी होते.

त्याच दिवशी ‘की’ बदलली. आता कानातल्या बिल्ल्याचा नंबर. तो दोन गायींना एकच नसतो. पुढे कालवडीलाही बिल्ला लागला, तेव्हा नोंदीसाठी मी फोन केला.

“नाव काय ठेवलं, मावशी?”

“लक्ष्मी.”

“अहो, आईपण लक्ष्मीच ना? हाक मारली तर घोळ नाही होत?”

“कुणाला हाक मारली त्ये त्यांना बराबर कळतंय,” कांताबाई म्हणाल्या. “कळत न्हाई त्ये तुमच्या डब्याला.”

मी बिल्ल्याचा नंबर टाकला.