रखमामावशीचा दुसरा कार्डिओग्राम

उत्तम परब गेली एकोणीस वर्षं लालबागच्या एका छोट्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढतो. पडदा ओढायचा, बाई असेल तर किर्ती नर्सला शेजारी उभं करायचं, बरगड्या बोटाने मोजून नेमक्या जागी मशीनच्या तारांच्या चकत्या चिकटवायच्या. बोटभर जागा चुकली तरी मशीन भलतंच छापतं, हे तो नव्या लोकांना शिकवायचा. शिकवताना थोडा भावही खायचा, खोटं कशाला बोला.

असा हा पक्का माणूस त्या मंगळवारी सपशेल चुकला, कारण टेबलावर रखमामावशी होती. चाळीतली मालवणी शेजारीण. आई कामावर गेली की उत्तमला न्हाऊमाखू घालून शाळेत धाडणारी. आता सत्तरीची, पित्ताशयातल्या खड्यांनी बेजार. गुरुवारी ऑपरेशन, त्याआधी कार्डिओग्राम हवा. किर्ती जेवायला गेलेली. मावशीने दोन बटणं काढली आणि उत्तमने मान खाली घातली. बरगड्या मोजल्याच नाहीत. चकत्या वरच्यावर, गळ्याशी जेवढी जागा मोकळी दिसली तिथे लावून तो सुटला.

दवाखान्याच्या डॉक्टर अनुजांनी मशीनमधून छापून आलेली पट्टी बघितली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हृदयाला जुना झटका येऊन गेलाय की काय? ऑपरेशन थांबवू. आधी इको करून घ्या."

इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, नंबर तीन आठवड्यांनी होता. नळावर सगळ्या मजल्याला गप्प करणारी मावशी बाकावर पिशवी मांडीत घेऊन नुसती बसून राहिली.

उत्तमने पट्टी पुन्हा हातात घेतली आणि बघताक्षणी त्याला कळलं. दोष मावशीच्या काळजात नव्हता, चकत्यांच्या जागेत होता. गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. पण त्याच्या लाजेपायी म्हातारीने तीन आठवडे कळा आणि भीती दोन्ही सोसायच्या? तो उठून आत गेला.

"मॅडम, पट्टी चुकलीय. चकत्या वर लागल्या. माझ्याकडून."

"तुमच्याकडून?" डॉक्टर एवढंच म्हणाल्या. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

किर्तीला बोलावून मावशीला पुन्हा टेबलावर घेतलं. उत्तमची बोटं अजून अडखळत होती.

"तुका मी न्हाऊ घातलंय, मेल्या. आता माका लाजतंस?" मावशी म्हणाली.

किर्ती हसली, उत्तमही ओशाळून हसला, आणि त्याने एकेक बरगडी मोजली. या वेळी पट्टी स्वच्छ आली. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघितल्या, दुसऱ्या पट्टीवर सही केली आणि गुरुवारची तारीख कायम केली. उत्तम स्टुलावर बसला. इतकं हलकं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

"म्हणजे माका अटॅक इल्लो नाय?" मावशीने बटणं लावत विचारलं.

"नाही गं. काळीज ठणठणीत आहे तुझं."

"मगे तुझी आई गेली त्या दिवशी माझ्या छातीत कळ इल्ली, ती कसली? बाकार बसून माका वाटला, तोच तो अटॅक."

उत्तमचे डोळे भरून आले. "ती दुःखाची, मावशी. तिला औषध नाही."

"मगे ती असांदे," मावशी म्हणाली, आणि गुरुवारी किती वाजता उपाशी पोटी यायचं ते विचारू लागली.