कोठार भरलेलं, सैन्य उपाशी

दोस्तहो, नेरच्या बाजारात आज कापसाची खरेदी बंद होती, म्हणून दुपारी कॉम्प्युटरवर राज्य चालवायचा गेम घेऊन बसलो. तीन आठवडे खपून उभं केलेलं माझं राज्य! कोठार धान्यानं भरलेलं, तरी सैन्य उपाशी मरून राह्यलं.

मदतीच्या पानावर एकच ओळ होती: ‘सैन्याला वेळेवर अन्न द्या.’ कसं द्यायचं, ते नाही.

मागून आई म्हणाली, “बापू, कोठारापासून छावणीपर्यंत रस्ता कुठी हाय?”

रस्ता लागते हे कुठंच लिहिलं नोतं! लगेच बांधला. सैन्य जेवलं. मी आईच्या पाया पडलो.

पाचच मिनिटांत त्याच रस्त्यानं शत्रू आत घुसला. राजवाडा गेल्यावर पडद्यावर सूचना आली: ‘रस्त्याला फाटक बांधायला विसरू नका.’

हे गेमवाले हरल्यावरच नियम काहून सांगतात? तुमचंबी राज्य असंच गेलं का?